खेळाडूंना दारूच्या परिणामांची खरी माहिती किती आहे, हे प्रश्नावलीतून कसे काढावे?

प्रश्न विचारणारा : मैदानावरचा_विद्यार्थी (नागपूर)

नमस्कार. मी नागपुरात एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे आणि लघुप्रबंधासाठी महाविद्यालयीन खेळाडूंना मद्यपानाच्या क्रीडाकामगिरीवरील परिणामांची जाणीव कितपत आहे, हा विषय घेतला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरणारे कबड्डी, खो-खो, फुटबॉल आणि मैदानी खेळांचे खेळाडू हा माझा अभ्यासगट आहे. ज्या संतांचे नाव या विद्यापीठाला आहे, त्यांनी आयुष्यभर व्यसनमुक्तीचा प्रचार केला. त्यामुळे विषय मंजूर व्हायला अडचण आली नाही, अडचण पुढे आली.

मार्गदर्शकांच्या सूचनेवरून मी ‘बरोबर की चूक’ अशा विधानांची कच्ची प्रश्नावली तयार केली आणि रवीनगरच्या विद्यापीठ मैदानावर सरावाला येणाऱ्या काही ओळखीच्या मुलांकडून ती भरून घेतली. ‘मद्यपानामुळे खेळातील कामगिरी खालावते’ या विधानापुढे सर्वांनी ‘बरोबर’ अशी खूण केली. ‘खेळाडूने मद्यपान करू नये’ यापुढेही तेच. कागदावर पाहिले तर जाणीव शंभर टक्के आहे आणि माझ्या प्रबंधाला काही कामच उरत नाही. कागद गोळा झाल्यानंतर मात्र तीच मुले चहाच्या टपरीवर मोकळेपणाने बोलू लागली, तेव्हा एकाने सांगितले की रात्री घेतलेली दारू सकाळच्या धावण्यात घामावाटे निघून जाते. दुसऱ्याचे म्हणणे असे की उन्हातल्या सरावानंतर थंड बिअर पाण्यापेक्षा लवकर तहान भागवते आणि ती जवापासून बनत असल्यामुळे ताकदही देते. सामन्याच्या आदल्या रात्री घेऊ नये हे जवळजवळ प्रत्येकाला मान्य होते, पण सामना संपल्यावर घेतली तर खेळाचे काही बिघडते, हे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आलेलेही दिसले नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. केवळ ‘दारू वाईट’ हे पाठ झालेले उत्तर बाजूला सारून खरी माहिती बाहेर येईल असे प्रश्न कसे घडवावेत? कोणती तथ्ये इतकी पक्की आहेत की त्यांवर बरोबर-चूक ठरवता येईल? आणि स्वतःच्या सवयीबद्दल मुले खरे सांगतील, यासाठी काय करावे?

---

उत्तर : क्रीडा_फिजिओ (धंतोली, नागपूर)

तुमच्या मुलांनी टपरीवर जे सांगितले, तीच तुमची प्रश्नावली आहे. ती विधाने जशीच्या तशी त्यांच्या भाषेत कागदावर उतरवा. पाठ्यपुस्तकातून काढलेल्या विधानांपेक्षा ती अधिक काम करतील, कारण चुकीची समजूत ज्या शब्दांत माणसाच्या डोक्यात बसलेली असते, त्याच शब्दांत विचारल्याशिवाय ती सापडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाणाशिवाय कोणतेही विधान करू नका. ‘मद्यामुळे स्नायूंची झीज भरून येत नाही’ हे विधान किती मद्य, हे सांगितल्याशिवाय ना बरोबर ठरते ना चूक. मुलांना ग्रॅम कळत नाहीत, बाटली कळते. म्हणून हिशेब तुम्ही करून ठेवा. बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेल्या व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्य असते, म्हणजे १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास आणि आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये ४० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडचा खेळाडू ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणतो तेव्हा बहुधा ती स्ट्राँग असते, हे लक्षात असू द्या. त्याची एक बाटली म्हणजे चार पेग झाले.

आता घामाची गोष्ट. शरीरात गेलेल्या मद्यापैकी फार थोडा भाग घाम, श्वास आणि लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. नव्वद टक्क्यांहून अधिक भाग यकृताला हाताळावा लागतो आणि यकृताचा वेग साधारण तासाला सात ते दहा ग्रॅम इतकाच असतो. तो धावण्याने, थंड पाण्याच्या आंघोळीने, लिंबूपाण्याने किंवा काळ्या कॉफीने वाढत नाही. रात्री बारापर्यंत क्वार्टर संपवलेल्या मुलाच्या रक्तात सकाळी सात वाजता, म्हणजे संघ वॉर्मअपला उतरतो त्या वेळीही, मद्य शिल्लक असू शकते. ‘रात्री बाराला एक क्वार्टर संपवली, तर ती शरीरातून पूर्ण जायला साधारण किती वेळ लागतो?’ असा प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी दोन तास, चार तास, सात-आठ तास आणि ‘माहीत नाही’ असे पर्याय द्या. हा एक प्रश्न तुमच्या आधीच्या अर्ध्या प्रश्नावलीपेक्षा अधिक सांगून जाईल.

नशेत प्रतिक्रिया मंदावते, तोल जातो, अंदाज चुकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर प्रश्न खर्च करू नका. न ठाऊक असलेला भाग सामन्यानंतरच्या काही तासांचा आहे. त्या तासांत शरीराला तीन कामे करायची असतात: गेलेले पाणी भरून काढणे, स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा पुन्हा भरणे आणि फाटलेल्या स्नायुतंतूंची दुरुस्ती करणे. मद्य या तिन्ही कामांत अडथळा आणते.

पाण्याचे असे की मेंदूतून स्रवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते आणि मद्य नेमके तेच दाबते. त्यामुळे प्यायलेल्या द्रवापैकी अधिक भाग लघवीवाटे निघून जातो. १९९७ मध्ये शिरेफ्स आणि मॉन या दोन संशोधकांनी व्यायामाने घाम गाळलेल्या व्यक्तींना वेगवेगळ्या तीव्रतेची पेये देऊन पाहिली, तेव्हा एक आणि दोन टक्के मद्याच्या पेयाने फारसा फरक पडला नाही, परंतु चार टक्क्यांच्या पेयाने लघवीचे प्रमाण वाढले आणि पाणी भरून येण्याचे काम लांबले. म्हणजे ‘बिअरने तहान भागते’ ही समजूत अगदीच निराधार नाही, पण ती ज्या पातळ पेयाला लागू पडते ते आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही. नागपूरचे ऊन यात आणखी भर घालते. एप्रिल-मेमध्ये सकाळच्या सरावातही मुले बरेच पाणी गमावून बसलेली असतात.

ग्लायकोजेनच्या बाबतीत बरीच मुले फसतात. मद्याच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, तेव्हा ऊर्जा तर मिळतेच, असे त्यांना वाटते. ही ऊर्जा स्नायूंच्या साठ्यात जमा होत नाही. त्याहून मोठा घोटाळा ताटात होतो. सामना पाचला संपतो, मंडळी सातला बसतात, तोवर पोटात शेंगदाणे आणि फरसाण एवढेच असते, आणि सावजी भोजनालयातले जेवण समोर येते तेव्हा अकरा वाजलेले असतात. साठा भरायचे सर्वांत मोलाचे तास भात-पोळीविना निघून गेलेले असतात. शिवाय मद्य हाताळताना यकृताचे नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते, त्यामुळे दमून उपाशीपोटी प्यायलेल्या मुलाची रक्तातली साखर घसरण्याचा धोका असतो. अशा मुलाला बरे वाटेनासे झाले की सोबतचे ‘याला चढली’ म्हणून झोपवून टाकतात. हे धोकादायक आहे आणि यावर एक प्रश्न जरूर ठेवा.

स्नायूंविषयीचे दोन प्रयोग मला तुमच्या उपयोगाचे वाटतात. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जोरदार व्यायामानंतर वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम मद्य दिले असता स्नायूंमधील नव्या प्रथिनांची निर्मिती, केवळ प्रथिने घेतली होती त्या वेळच्या तुलनेत, मद्यासोबत प्रथिने घेऊनही २४ टक्क्यांनी आणि मद्यासोबत केवळ कर्बोदके घेतल्यास ३७ टक्क्यांनी कमी भरली. साठ किलोच्या मुलासाठी दीड ग्रॅम म्हणजे ९० ग्रॅम, अर्थात दीड क्वार्टर. हे प्रमाण मोठे आहे, पण जिंकलेल्या संघाच्या पार्टीत अशक्य मुळीच नाही. ‘वर अंडी खाल्ली की भरपाई होते’ या समजुतीला या प्रयोगाने परस्पर उत्तर मिळते. दुसरा न्यूझीलंडमधला, २०१० चा. मांडीच्या स्नायूंना मुद्दाम थकवून त्यानंतर किलोमागे एक ग्रॅम मद्य दिले, तेव्हा पुढच्या दीड दिवसात स्नायूंच्या जोरात झालेली घट मद्य न घेतलेल्या वेळेपेक्षा अधिक होती. त्याच संशोधकांनी नंतर अर्धा ग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा असा फरक दिसला नाही. हा तपशील गाळू नका. थोड्या मद्याने आणि पुष्कळ मद्याने सारखेच नुकसान होते असे आपण लिहिले, तर ज्याने थोडी घेऊन काही झालेले पाहिले नाही, तो आपल्या बाकीच्या विधानांवरही विश्वास ठेवणार नाही. दोन्ही प्रयोगांत सहभागी माणसे थोडी होती, हेही प्रबंधात नमूद करा.

झोपेबद्दल एकच विधान पुरे. मद्याने झोप लवकर लागते, मात्र रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटक होते आणि सकाळी शीण राहतो.

माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंमध्ये सर्वांत कमी माहिती दुखापतीसंबंधी असते. घोटा मुरगळला किंवा मांडीचा मागचा स्नायू ओढला गेला, की त्या संध्याकाळी मद्य घेऊ नये असे आम्ही सांगतो, कारण रक्तवाहिन्या रुंदावून सूज वाढण्याची शक्यता असते आणि वेदना बधिर झाल्यामुळे मुलगा त्या पायावर नाचतो. त्यावर कहर म्हणजे दुखणे थांबवणारी गोळी. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मद्याबरोबर घेतल्यास जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, तर पॅरासिटामॉल आणि नियमित मद्यपान ही जोडी यकृताला जड जाते. ‘दुखत असेल तर गोळी घेऊन वर दोन पेग घेतले तरी चालतात’ असे विधान ठेवून पाहा.

---

उत्तर : माजी_चढाईपटू (महाल, नागपूर)

फिजिओ सरांचे सगळे मान्य आहे आणि ते मी जपूनही ठेवले आहे. परंतु मी विद्यापीठाच्या संघातून आणि नंतर गावोगावच्या खुल्या सामन्यांतून बरीच वर्षे कबड्डी खेळलेलो आहे, त्यामुळे एक वेगळा मुद्दा मांडतो.

मुलांना माहिती नाही म्हणून ती पितात, असे गृहीत धरून प्रबंध लिहिलात तर अर्धेच हाती लागेल. संघातला नवा मुलगा पहिल्यांदा ग्लास उचलतो तो बहुतेक वेळा एखादा सामना जिंकल्यानंतर, आणि तो ग्लास पुढे करणारा त्याचा कर्णधार किंवा संघातला मोठा भाऊ म्हणावा असा खेळाडू असतो. त्या क्षणी नाही म्हणायचे म्हणजे संघापासून वेगळे पडायचे, अशी भीती त्याला असते. पुढच्या सामन्यात सुरुवातीच्या सातांत कोण असेल हे ज्याच्या शब्दावर ठरते, त्याचा हात मागे सारणे वीस वर्षांच्या मुलाला जमत नाही. खुल्या सामन्यांत तर रोख बक्षीस असते, सामने दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत चालतात आणि बक्षिसातला पहिला हिस्सा कोठे जातो हे सर्वांना ठाऊक असते. आयोजक मंडळींकडूनच ‘व्यवस्था’ झालेली मी पाहिली आहे.

नकार देण्याची जी कारणे संघात चालतात, त्यांची यादी तुम्ही मुलांकडून मागवावी. आमच्या वेळी ‘उद्या वजन द्यायचे आहे’ हे कारण कोणीही निमूटपणे मान्य करी, कारण वजनाच्या अटीत बसला नाही तर संघाचे नुकसान. ‘सरांनी घरी फोन केला आहे’ हेही चाले. ‘मला हे पटत नाही’ हे मात्र चालत नसे, त्यावर तासभर थट्टा होई. ज्या कारणात संघाचा फायदा दिसतो ते कारण मुले मानतात, असा माझा अनुभव आहे आणि फिजिओ सरांचे गणित येथेच उपयोगी पडेल.

ते असे. आपल्या विभागीय स्पर्धा असोत की विद्यापीठाच्या, सामने लागोपाठच्या दिवशी असतात. उपांत्यपूर्व फेरी आज जिंकली तर उपांत्य सामना उद्या सकाळी. ‘दारूने स्नायूंची दुरुस्ती मंदावते’ हे वाक्य वर्गात सांगितले तर कोणी वहीतसुद्धा उतरवणार नाही. ‘आज रात्री बसलात तर उद्या दुसऱ्या डावात शेवटच्या पाच मिनिटांत पाय जड होतील आणि बोनस रेषेपर्यंत पोचणार नाहीत’ हे वाक्य चढाईपटूला लगेच समजते, कारण ते त्याने भोगलेले असते. फक्त त्याचा दोष त्याने कालच्या कठीण सामन्याला दिलेला असतो. तुमच्या प्रश्नावलीत सामन्याची वेळ, फेरी आणि दुसऱ्या दिवसाचा सामना घालून छोटे प्रसंग रचा आणि अशा वेळी तुम्ही काय कराल, तुमचा कर्णधार काय करेल, असे दोन वेगळे प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापेक्षा खरे येईल.

क्रीडा शिक्षकांविषयीही एक प्रश्न असावा. आमचे एक सर सरावाच्या वेळी अत्यंत कडक होते, पण बाहेरगावच्या स्पर्धेत रात्री दहानंतर आपल्या खोलीचे दार लावून घेत. त्यांना कळत नव्हते असे नाही.

---

उत्तर : संशोधनपद्धती_वर्धा

आशयाबद्दल वरच्या दोघांनी लिहिले आहे, म्हणून मी पद्धतीपुरते लिहितो.

आपल्या कच्च्या प्रश्नावलीत तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत: माहिती, मत आणि सवय. ‘खेळाडूने मद्यपान करू नये’ हे मत आहे; त्याला बरोबर-चूक लागू होत नाही आणि त्याचे गुण माहितीच्या गुणांत मिळवणे ही पद्धतीची मोठी चूक ठरेल. तीन वेगळे विभाग करा, त्यांचे गुण वेगवेगळे मोजा आणि मगच त्यांचा परस्परसंबंध पाहा. माझा अंदाज असा की माहिती आणि सवय यांचा संबंध आपल्याला अपेक्षेपेक्षा क्षीण मिळेल, आणि तो तसा मिळाला तर घाबरून लपवू नका. चढाईपटू सरांनी लिहिलेल्या गोष्टीला तोच पुरावा असेल.

माहितीच्या विभागात प्रत्येक विधानापुढे ‘माहीत नाही’ हा तिसरा पर्याय हवाच. केवळ दोन पर्याय असतील तर डोळे मिटून खुणा करणाऱ्यालाही निम्मे गुण मिळतात. निम्मी विधाने मुद्दाम चुकीची ठेवा, म्हणजे सरसकट ‘बरोबर’ लिहिणारा ओळखू येईल. बरोबर किंवा चूक असेच गुण मिळणाऱ्या अशा विधानांची विश्वासार्हता, म्हणजे ती आपसांत किती सुसंगत आहेत हे, काढताना कुडर-रिचर्डसनचे विसावे सूत्र वापरतात. सवयीच्या विभागासाठी स्वतः प्रश्न घडवण्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी घ्या. तिचे गुण ० ते ४० असतात आणि आठ किंवा अधिक गुण धोकादायक मद्यपानाचे निदर्शक मानले जातात. मात्र तिच्यातले पेयांचे प्रमाण आपल्याकडच्या पेग आणि बाटल्यांत बसवून घ्यावे लागेल.

खरे उत्तर मिळण्याचा प्रश्न आपल्या बाबतीत विशेष नाजूक आहे आणि त्याचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. पदवीच्या बहुतांश खेळाडूंच्या बाबतीत ‘हो, मी घेतो’ हे उत्तर म्हणजे नियमभंगाची लेखी कबुली होते. त्यातच या विद्यापीठाच्या क्षेत्रात नागपूर, भंडारा, गोंदिया आणि वर्धा हे चार जिल्हे येतात आणि त्यांपैकी आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. येथील महाविद्यालयांतून ‘कधीच नाही’ असे उत्तर अधिक आले, तर ते बंदीमुळे मद्यपान कमी असल्याने आले की बंदीमुळे कबुली कमी असल्याने, हे आपल्याला आकड्यांवरून सांगता येणार नाही. म्हणून जिल्ह्यानुसार तुलना करण्याचा मोह टाळा. किंवा करायचीच असेल तर केवळ माहितीच्या गुणांची करा.

कागदावर नाव, महाविद्यालय, जर्सी क्रमांक यांपैकी काहीही नको. कबड्डीच्या संघात खेळाडू मोजकेच असतात, तेव्हा ‘महाविद्यालय, खेळ, वय, चढाई की पकड’ एवढे विचारले तरी माणूस ओळखला जातो. कागद क्रीडा शिक्षकांच्या हाती गोळा होता कामा नयेत. बंद पेटी ठेवा आणि भरताना सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतील, एवढी विनंती करा. कनिष्ठ महाविद्यालयातील अठरा वर्षांखालील मुले वगळा, अन्यथा पालकांची संमती घ्यावी लागेल आणि पालकांसमोर भरलेल्या प्रश्नावलीला अर्थ राहणार नाही. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी कागद छापण्यापूर्वी घ्या.

---

उत्तर : खोखो_ताई (प्रशिक्षक, नागपूर)

वरची सगळी चर्चा ‘मुलगा’ गृहीत धरून चालली आहे, म्हणून लिहिते. मुलींचे संघ अभ्यासगटात घ्या, आणि घेतले तर त्यांची प्रश्नावलीही तीच ठेवा. मुली पीतच नाहीत असे मानून त्यांना फक्त माहितीचा विभाग द्यावा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. माझ्या संघातल्या मुली घेत नाहीत असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि वसतिगृहात राहणाऱ्यांचे तर मला काहीच ठाऊक असण्याची शक्यता नाही.

माहितीच्या विभागात एक विधान वाढवा: ‘सारख्याच वजनाच्या मुलाने आणि मुलीने सारखीच दारू घेतली, तर दोघांच्या रक्तातले प्रमाण सारखेच राहते.’ हे चूक आहे. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा वाटा तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच मद्याने रक्तातले प्रमाण अधिक चढते. मिश्र संघ बाहेरगावी गेले की ‘आम्हीही तेवढीच घेऊ शकतो’ अशी चढाओढ लागते, असे ऐकले आहे. तेथे ही माहिती हाताशी असलेली बरी.

मुली प्रश्नावली भरताना घाबरतात त्या शिक्षा होईल म्हणून नव्हे, घरी कळले तर खेळणेच बंद होईल म्हणून. संमतीपत्रकावर सही मागितलीत तर निम्म्या मुली तेथेच परत जातील. सहीऐवजी ‘कागद भरून पेटीत टाकणे हीच संमती’ असे लिहिता येते का, हे तुमच्या समितीला विचारा.

---

प्रश्न विचारणारा : मैदानावरचा_विद्यार्थी

सर्वांचा आभारी आहे. प्रश्नावली पुन्हा लिहायला घेतली आहे. फेरीचे प्रसंग, क्वार्टरचा हिशेब आणि ‘माहीत नाही’ चा पर्याय घातला. तीन शंका राहिल्या.

भंडारा आणि गोंदियाच्या काही मुलांकडून मोहाच्या दारूचा उल्लेख आला. ती ग्रॅममध्ये कशी बसवावी? दुसरे, एका मुलाने ठामपणे सांगितले की मद्य हे उत्तेजक द्रव्यांच्या यादीत असून चाचणीत सापडल्यास बंदी येते. हे विधान घ्यावे का? आणि तिसरे, प्रश्नावली भरून झाल्यावर बरोबर उत्तरे मुलांना सांगावीत की नाही? न सांगणे मला अयोग्य वाटते.

---

उत्तर : क्रीडा_फिजिओ (धंतोली, नागपूर)

मोहाची दारू ग्रॅममध्ये बसवू नका. घरोघरच्या भट्टीनुसार तिची तीव्रता बदलते, पहिल्या धारेची आणि नंतरची यांतही मोठे अंतर असते, आणि बाटलीवर काही छापलेले नसते. ‘कोणती घेता’ या प्रश्नात तिचा पर्याय अवश्य द्या, कारण तो नसेल तर ती मुले ‘घेत नाही’ वर खूण करतील. ग्लास किती हेही विचारा, मात्र हिशेबाच्या तक्त्यात तिला वेगळेच ठेवा.

यादीबद्दलचे विधान जरूर घ्या, ते फार चांगले आहे. मद्य पूर्वी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत होते, पण तिरंदाजी, हवाई क्रीडा, मोटार आणि पॉवरबोट शर्यती अशा मोजक्या खेळांत आणि केवळ स्पर्धेदरम्यान. १ जानेवारी २०१८ पासून ते यादीतून काढले आहे आणि त्या त्या खेळाच्या महासंघाने आपले नियम करावेत, अशी व्यवस्था झाली. काढले जाण्याच्या वेळी त्या खेळांत कबड्डी, खो-खो किंवा फुटबॉल यांचा समावेश नव्हता. मात्र प्रश्नाखाली लगेच दुसरा प्रश्न जोडा: ‘यादीत नाही, म्हणजे खेळावर परिणाम होत नाही.’ पहिल्याचे उत्तर बरोबर देणारे कितीजण दुसऱ्यात घसरतात, हे मलाही पाहायचे आहे.

---

उत्तर : संशोधनपद्धती_वर्धा

उत्तरे सांगावीत, मात्र कधी सांगायची ते आधी ठरवा. कबड्डी, खो-खो, फुटबॉल आणि मैदानी स्पर्धा वेगवेगळ्या आठवड्यांत होतात. पहिल्याच संघाला उत्तरपत्रिका दिलीत तर त्याच रात्री तिचा फोटो व्हॉट्सॲपवरून उरलेल्या सगळ्या संघांपर्यंत पोचेल आणि तुमच्या शेवटच्या गटाला विलक्षण जागरूकता असल्याचे निष्पन्न होईल. शेवटच्या संघाचे कागद पेटीत पडल्यावर सर्व महाविद्यालयांना एकाच दिवशी उत्तरपत्रिका पाठवा, तिच्यात प्रत्येक उत्तराखाली दोन-तीन ओळींचे कारण द्या, आणि ही तारीख आराखड्यात लिहून मार्गदर्शकांची सही घेऊन ठेवा. समिती हा प्रश्न विचारतेच.

गोळीसंबंधीचे उत्तर तेवढे थांबवून ठेवू नका. वेदनाशामक गोळी आणि मद्य यांविषयीची सूचना कागद पेटीत टाकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तेथेच एका चिठ्ठीवर द्या. त्यामुळे त्या एका विधानाचे नंतरच्या संघांचे गुण बिघडतील. ते विधान विश्लेषणातून वगळा आणि वगळण्याचे कारण प्रबंधात लिहा.